गोचीडदंश

गोचीड या रक्तशोषक बाह्यपरजीवीने (दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर बाहेरून राहून उपजीविका करणाऱ्या जीवाने) त्वचेत मुखांगे रोवून रक्त शोषण्याच्या क्रियेस आणि तीमुळे होणाऱ्या परिणामांस गोचीडदंश असे म्हणतात. दंशाची जखम अगदी लहान असते आणि ती बहुधा दुखत नाही. त्यामुळे दंशाकडे दुर्लक्ष होते. त्याचे खरे महत्त्व गोचिडीच्या लाळेतून शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्मजंतूंमध्ये आहे. हे जंतू दंशानंतर काही दिवसांनी ताप उत्पन्न करतात आणि तोपर्यंत रुग्णास दंशाचे विस्मरण झालेले असते. जंगलात काम करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने या विषयाला दोन अंगे आहेत : चिकटलेली गोचीड लवकर व योग्य रीतीने काढणे आणि नंतर ताप आल्यास दंशाची माहिती वैद्यापर्यंत पोहोचविणे.

प्राणिशास्त्रीय स्थान व रचना : गोचीड हा कीटक नव्हे. संधिपाद संघातील अष्टपाद वर्गात तिचा समावेश होत असल्यामुळे कोळी, विंचू व माइट हे तिचे जवळचे नातलग होत. प्रौढ गोचिडीस पायांच्या चार जोड्या असतात. पंख व शृंगिका नसतात. जगात गोचिडींच्या सु. ९०० जाती ज्ञात आहेत. त्यांचे दोन मोठे गट पडतात. पाठीवर कठीण ढाल असलेल्या गोचिडींस कठीण गोचिडी म्हणतात. जनावरे, कुत्री व वन्य प्राणी यांच्या अंगावर नेहमी दिसतात त्या या गटातील होत. ढाल नसलेल्या व चामड्यासारख्या सुरकुतलेल्या त्वचेच्या मृदू गोचिडी घरटी, खुराडी, गुहा आणि जुन्या भिंतींच्या फटी यांत राहतात आणि रात्री थोडा वेळ रक्त शोषून परत लपतात. वनातील दंश बहुतांशी कठीण गोचिडींचे असल्याने पुढील विवेचन त्यांच्यासंबंधी आहे.

जीवनक्रम : अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभास (क्रियाशील पूर्व अवस्थेस) सहा पाय असतात व त्याचा आकार मोहरीपेक्षाही लहान असतो. डिंभ एकदा पोटभर रक्त शोषून कात टाकतो व आठ पायांचे अर्भक बनते. अर्भक पुन्हा रक्त शोषून कात टाकते व प्रौढ होते. प्रौढ मादी रक्त शोषून वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी फुगते. तिचे वजन मूळच्या शंभर पटींपर्यंत वाढू शकते. त्यानंतर ती पोषकाच्या (ज्याच्यावर परजीवी जगतो त्या प्राण्याच्या) अंगावरून गळून पडते, पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते.

काही जातींत ही सर्व स्थित्यंतरे एकाच जनावरावर पुरी होतात. भारतातील गुरांवर सर्वत्र आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही जाती अशी असून ती माणसाच्या वाटेस क्वचितच जाते. वन्य जातींपैकी बऱ्याच जातींना मात्र तीन निरनिराळे पोषक लागतात. हीमाफिसॅलिस प्रजातीतील गोचिडींचे डिंभ व अर्भके उंदीर, चिचुंद्री, ससे, जमिनीवर वावरणारे पक्षी व माकडे यांच्यावर पोसतात. प्रौढ गोचिडी गुरे, सांबर, रानडुक्कर अशा मोठ्या प्राण्यांवर चढतात. माणूस हा त्यांच्या दृष्टीने वाटेत आलेला आगंतुक पोषक होय. परंतु प्रत्येक अवस्थेत पोषक बदलत असल्यामुळेच एका प्राण्याच्या रक्तातील जंतू दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचतो. गोचीड रोगवाहक ठरण्याचे हे मुख्य कारण आहे.

पोषकाचा शोध : गोचिडीस उडता किंवा उडी मारता येत नाही. ती उंच झाडावरून माणसाच्या अंगावर पडते हा समजही चुकीचा आहे. गवताच्या पात्याच्या किंवा खुरट्या झुडपाच्या टोकाशी चढून ती पुढील पायांची जोडी पसरून वाट पाहत राहते. या पायांवर हालरचे इंद्रिय नावाचा सूक्ष्म खळगा असतो. त्याच्या साहाय्याने तिला श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, शरीराची ऊब व घामाचा वास यांचा बोध होतो. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा स्पर्श होताच ती त्यास पकडते आणि मऊ, उबदार व झाकलेली जागा सापडेपर्यंत वर सरकत राहते. म्हणून माणसाच्या बाबतीत ती पोटऱ्यांवरून चढून गुडघ्यामागील खळगा, जांघ, कंबरपट्ट्याखालची जागा, बेंबी, काख, स्तनांखालचा भाग, कानामागची जागा किंवा केसांची कडा अशा ठिकाणी आढळते. लहान मुलांत ती डोक्याच्या केसांत विशेष आढळते.

दंशाची क्रिया : जागा निश्चित झाल्यावर गोचीड मुखाजवळील कात्रीसारख्या अंगांनी त्वचा कापते व मागे वळलेल्या दातऱ्यांची सोंड छिद्रात रोवते. बऱ्याच जाती याशिवाय सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडून सोंड जखमेत पक्की बसवितात. लाळेत वेदना व दाह दडपणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. त्यामुळे दंश जाणवत नाही. डिंभ व अर्भक काही दिवस आणि प्रौढ मादी आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ चिकटून राहते. डास क्षणभरात रक्त घेऊन उडून जातो. गोचीड मात्र या दीर्घ काळात आळीपाळीने रक्त शोषते व लाळ जखमेत सोडते. लाळेबरोबर जंतू शरीरात जातात. संक्रमणास लागणारा वेळ जंतूप्रमाणे बदलतो. लाइम रोगाच्या सूक्ष्मजंतूस बहुधा एका दिवसाहून अधिक काळ लागतो, तर काही व्हायरस थोड्याच वेळात संक्रमित होऊ शकतात. म्हणून गोचीड जितकी लवकर काढावी तितका धोका कमी, हा नियम सर्वत्र लागू पडतो.

आलापल्लीच्या वनांतील परिस्थिती : महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे सु. तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे सागवानाकरिता प्रसिद्ध असलेले वनकेंद्र असून तेथून भामरागड, एटापल्ली व सिरोंचा या भागांकडे रस्ते फुटतात. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू व बांबू ही येथील प्रमुख झाडे होत. आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाने राखून ठेवलेला सु. ६ हेक्टरांचा नैसर्गिक वनाचा तुकडा आहे. उंच वृक्षांची सावली, वेलींची गुंतागुंत आणि जमिनीवरील पानांचा ओलसर थर असे मूळच्या वनाचे स्वरूप त्यात पाहावयास मिळते. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला.

गोचिडीच्या दृष्टीने या थराला फार महत्त्व आहे. तिच्या शरीरातील पाणी कोरड्या हवेत झपाट्याने कमी होते. त्यामुळे ती अधूनमधून पालापाचोळ्यात उतरून ओलावा घेते व पुन्हा गवतावर चढते. दाट सावली, पाचोळा, चितळ व रानडुकरांच्या वाटा आणि चरावयास सोडलेली गावची गुरे जेथे एकत्र येतात, तेथे तिची संख्या वाढते. वनाचा गाभा व उघडे शेत यांपेक्षा दोहोंमधील कडा, पाणवठ्याची वाट व गुरे बसण्याची जागा ही ठिकाणे या दृष्टीने अधिक धोक्याची असतात.

येथील माडिया गोंड व इतर रहिवाशांचे वनाशी असलेले संबंध ऋतुमानाप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात बांबूतोड व कूपांतील लाकूडतोड चालते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली बसून फुले वेचली जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे झुडपांत वाकून काम करतात. पावसाळ्यात गुरे राखणे व रानभाज्या गोळा करणे चालू असते. यांतील बहुतेक कामे कंबरेएवढ्या झुडपांत किंवा जमिनीवर बसून करावी लागतात. अंगावर कपडे तोकडे असतात व पाय पुष्कळदा अनवाणी असतात. वनरक्षक, वनमजूर, गस्तीवरील पोलीस आणि वन्यजीवांची गणना करणारे कार्यकर्ते यांनाही हाच धोका संभवतो. काम थांबविणे त्यांना शक्य नसते. म्हणून टाळण्यापेक्षा शोधणे व काढणे यांवर भर देणे व्यवहार्य ठरते.

स्थानिक परिणाम : गोचीड निघाल्यावर दंशाच्या जागी तांबडा, खाजणारा उंचवटा राहतो. तो काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत जिरतो. शेकडो डिंभ एकाच वेळी अंगावर चढल्यास पायांवर बारीक पुरळ उठून तीव्र खाज सुटते. खाजविल्याने जखम होऊन तीत पू होतो व जांघेतील लसीका ग्रंथी सुजतात. दंशाभोवती दिवसेंदिवस पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसल्यास किंवा दंशाच्या जागी काळी खपली धरल्यास वैद्यास दाखविणे आवश्यक असते.

गोचीड काढण्याची रीत : बारीक टोकाचा चिमटा हे यासाठी सर्वांत योग्य साधन होय. चिमट्याने गोचिडीस त्वचेला अगदी लागून, म्हणजे तिच्या मुखाजवळ धरावे. फुगलेल्या पोटाला धरू नये. नंतर हिसका न देता व पीळ न देता सावकाश, एकसारख्या ताणाने सरळ वर ओढावे. त्वचा थोडी उचलली जाते व काही क्षणांत मुखांगे सुटतात. चिमटा नसल्यास बोटांभोवती फडके, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पान गुंडाळून याच रीतीने ओढावे. उघड्या बोटांनी धरू नये. मुखांगाचा एखादा तुकडा त्वचेत राहिल्यास तो सुईने किंवा काट्याने उकरून काढण्याचा प्रयत्न करू नये. गोचीड निघून गेल्यावर त्या तुकड्यापासून रोगसंक्रमण होण्याचा विशेष धोका नसतो आणि शरीर तो कालांतराने बाहेर टाकते. उकरल्याने मात्र जखम चिघळते.

नंतर जखम व हात साबण आणि पाण्याने स्वच्छ धुवावे व जंतुनाशक लावावे. काढलेली गोचीड नखावर किंवा दगडावर चिरडू नये, कारण तिच्या शरीरातील द्रव हाताच्या चिरेतून किंवा डोळ्यात उडून आत जाऊ शकतो. ती चिकटपट्टीत बंद करावी, स्पिरिटमध्ये टाकावी किंवा विस्तवात टाकून जाळावी. चिकटपट्टीत बंद केलेली गोचीड दिनांक लिहून दोन-तीन आठवडे जपून ठेवल्यास ताप आल्यावर वैद्यास दाखविता येते. बारीक डिंभ पुष्कळ असल्यास अंगावर चिकटपट्टी दाबून उचलावी. न चिकटलेले डिंभ तिला लागून निघून येतात. मग साबण लावून खरखरीत फडक्याने अंग घासून स्नान करावे. धनुर्वाताच्या लसीची आवश्यकता आहे काय, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. ताप नसताना केवळ दंश झाला म्हणून प्रतिजैव औषधे घेण्याची सामान्यतः गरज नसते.

त्याज्य उपाय : विडीचे जळते टोक लावणे, रॉकेल ओतणे, चुना-तंबाखू, मीठ, तेल किंवा डांबर चोपडणे असे उपाय ग्रामीण भागात सर्रास केले जातात. यांमागील कल्पना अशी, की त्रास होताच गोचीड आपण होऊन सुटेल. प्रत्यक्षात तिची सोंड जखमेत घट्ट बसलेली असल्याने ती लगेच सुटत नाही. उलट भाजल्यामुळे किंवा गुदमरल्यामुळे ती अधिक लाळ व पोटातील द्रव जखमेत सोडण्याचा संभव असतो आणि जो वेळ वाचवावयाचा तो वाया जातो. शिवाय भाजल्याची जखम ही दंशापेक्षा मोठी होते. करंज किंवा कडुनिंबाचे तेल चिकटलेल्या गोचिडीवर ओतण्याचा उपयोग नाही. ज्या जनावरांवर गोचिडी आहेत त्यांच्यावर पशुवैद्याने सांगितलेली औषधे वापरणे ही निराळी बाब होय.

दंशजन्य रोग : संधिपाद प्राणी सस्तन प्राण्यांत रोग पसरवितो, हे प्रथम गोचिडीच्या बाबतीतच सिद्ध झाले. अमेरिकेतील थीओबॉल्ड स्मिथ व एफ्. एल्. किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ज्वर गोचिडीमुळे पसरतो, असे १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. डासामुळे हिवताप पसरतो हा शोध त्यानंतरचा आहे. महाराष्ट्रातील पशुपालक ज्यास गोचीडताप म्हणतात, ते गुरांचे रोग याच प्रकारात मोडतात. माणसास होणारे रोग मात्र त्यांहून भिन्न आहेत.

(१) क्यासनूर वनज्वर किंवा माकडताप : १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर वनात माकडे मरू लागली व त्याच सुमारास आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुणे येथील व्हायरस संशोधन केंद्राने (स्थापना १९५२; १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) या रोगाचा व्हायरस वेगळा केला आणि त्याचा मुख्य वाहक हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड असल्याचे दाखविले. या गोचिडीच्या प्रौढ अवस्था पावसाळ्यात, डिंभ त्यानंतर व अर्भके साधारणतः डिसेंबर ते मे या काळात क्रियाशील असतात. माणसास रोग मुख्यतः अर्भकांपासून होत असल्यामुळे कोरड्या ऋतूत, म्हणजे वनातील कामांच्या ऐन दिवसांत, साथ येते. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या जागेभोवती पसरतात व तेथे जाणाऱ्या माणसांस चिकटतात.

दंशानंतर सु. ३ ते ८ दिवसांनी एकाएकी तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, स्नायूंच्या वेदना, डोळ्यांची लाली, ओकाऱ्या व फार थकवा ही लक्षणे दिसतात. काही रुग्णांत हिरड्या, नाक किंवा आतडे यांतून रक्तस्राव होतो. काहींचा ताप एक-दोन आठवडे उतरून पुन्हा चढतो व त्यावेळी मेंदूच्या दाहाची लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३ ते ५ असते. या रोगावर व्हायरसविरोधी विशिष्ट औषध नाही. विश्रांती, पाण्याचे प्रमाण राखणे व रक्तस्रावावर उपचार हेच साधन असते. कर्नाटकात अनेक वर्षे वापरलेली मृत-व्हायरस लस अपुरी ठरल्याने तिचा वापर थांबविण्यात आला. दीर्घकाळ शिमोगा व लगतच्या प्रदेशापुरता समजला जाणारा हा रोग पुढे पश्चिम घाटात उत्तरेकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरातही रुग्ण आढळले. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तेथे विशेष उपद्रव झाला. एका वनप्रदेशातला म्हणून ओळखला जाणारा रोग साठ वर्षांनी दुसऱ्या वनप्रदेशात दिसू शकतो, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट आहे.

(२) ठिपक्यांचा ज्वर : रिकेट्सिया कोनोराय या सूक्ष्मजंतूमुळे होणारा हा ज्वर भारतीय गोचीड-टायफस या नावानेही ओळखला जातो. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड ही त्याच्या वाहकांपैकी एक असल्याने तो वनाप्रमाणे गावातही संभवतो. ताप व डोकेदुखीनंतर तीन-चार दिवसांनी अंगावर तांबडे पुरळ उठते. तळहात व तळपाय यांवरही ते दिसणे हे महत्त्वाचे लक्षण होय. सावळ्या त्वचेवर पुरळ सहज दिसत नसल्याने तळव्यांकडे मुद्दाम पाहावे लागते. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैव औषध लवकर दिल्यास रुग्ण सामान्यतः दोन-तीन दिवसांत सुधारतो. विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो.

(३) क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर : हायालोमा प्रजातीच्या गोचिडी व बाधित जनावरांचे रक्त यांपासून हा होतो. भारतात तो जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील अहमदाबाद जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. रुग्णाच्या रक्तापासून शुश्रूषा करणाऱ्यांसही तो होतो. त्या साथीत उपचार करणारा वैद्य व परिचारिका यांचाही मृत्यू झाला. गोचीड उघड्या हाताने चिरडू नये या सूचनेमागे हेही एक कारण आहे.

(४) इतर : समशीतोष्ण देशांत लाइम रोग हा गोचीडदंशजन्य रोगांत सर्वांत जास्त आढळतो. ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिका येथे काही जातींच्या लाळेतील विषामुळे पायांपासून वर चढत जाणारा पक्षाघात होतो. उत्तर अमेरिकेत गोचीड काढताच तो बहुधा ओसरतो.

स्क्रब टायफस या रोगाचा येथे वेगळा उल्लेख करणे आवश्यक आहे. तो गोचिडीमुळे नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या माइटच्या डिंभामुळे होतो. २०१८ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याची साथ आली होती. दंशाच्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली धरणे हे त्याचे विशेष लक्षण असले, तरी ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. यातही डॉक्सिसायक्लीन किंवा ॲझिथ्रोमायसीन गुणकारी ठरते. त्यामुळे खपली गोचिडीची की माइटची हे न ठरविता आल्यानेही उपचार अडत नाही. मात्र खपली वैद्याच्या नजरेस पडावयास हवी. ती बहुधा कपड्यांखालील भागात असल्याने रुग्णाने आपण होऊन सांगणे महत्त्वाचे असते.

तापाचे निदान : गडचिरोली जिल्ह्याने राज्यातील हिवतापाचा फार मोठा भार दीर्घकाळ सोसला आहे. म्हणून आलापल्ली-भामरागड भागात ताप म्हणजे हिवताप हे समीकरण रुग्णांच्या व पुष्कळदा उपचार करणाऱ्यांच्याही मनात पक्के असते. हिवतापाची शक्यता प्रथम तपासणे योग्यच आहे. आशा स्वयंसेविका किंवा उपकेंद्र येथे रक्ताची जलद चाचणी करून लगेच उपचार सुरू करता येतात आणि कोणत्याही तापात ही चाचणी टाळू नये. अडचण त्यापुढे उद्भवते. चाचणी निर्दोष आली असता ‘साधा ताप’ समजून गोळ्या देऊन रुग्णास परत पाठविले जाते आणि ठिपक्यांच्या ज्वराचे किंवा स्क्रब टायफसचे पहिले, सहज बरे होण्याजोगे दिवस निघून जातात. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी गमावलेले दिवस भरून काढता येत नाहीत.

प्रयोगशाळेतील निश्चित निदानास लागणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या आजाराच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळदा निर्णायक नसतात. म्हणून या रोगांचे प्रारंभिक निदान रुग्णाच्या माहितीवर अवलंबून असते. गेल्या तीन आठवड्यांत वनात काम केले काय, अंगावरून गोचीड काढली काय, घरी कुत्रा किंवा गुरे आहेत काय, जवळपास माकडे मेली काय, हे चार प्रश्न वैद्याने विचारले पाहिजेत आणि न विचारल्यास रुग्णाने त्यांची उत्तरे सांगितली पाहिजेत. दंशानंतर तीन आठवडे ताप, डोकेदुखी व पुरळ यांवर लक्ष ठेवावे. दोन दिवसांहून अधिक टिकणारा तीव्र ताप, पुरळ, काळी खपली, रक्तस्राव, सतत ओकारी, धाप, गुंगी किंवा असंबद्ध बडबड यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात हलवावे. तापावर पॅरासिटॅमॉल चालते. रक्तस्रावाची शक्यता असल्यामुळे ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रतिबंध : वनात जाताना पाय झाकणारे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत आणि फिक्या रंगाचे कापड वापरावे, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. पायवाटेच्या मधून चालावे; गुरे बसण्याच्या जागी किंवा पाचोळ्यावर अंथरुणाशिवाय बसू वा निजू नये. त्वचेच्या उघड्या भागास डीईईटी किंवा ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले डीईपीए यांसारखे प्रतिकर्षक औषध लावावे. परमेथ्रिन हे कीटकनाशक केवळ कपड्यांवर वापरावयाचे असते, त्वचेवर नव्हे.

या सर्वांपेक्षा स्वस्त व परिणामकारक उपाय म्हणजे रोजची तपासणी. कामावरून परतल्यावर कपडे घराबाहेर झटकून कडक उन्हात टाकावेत किंवा उकळत्या पाण्यात बुडवावेत, स्नान करावे आणि वर सांगितलेल्या जागा हाताने चाचपून पाहाव्यात. पाठ, मान व केस स्वतःला दिसत नाहीत. म्हणून कुटुंबातील किंवा तुकडीतील माणसांनी ते एकमेकांचे तपासावेत. मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. तेंदूपत्ता संकलन केंद्रे, बांबूतोडीचे मुक्काम व गस्तीच्या छावण्या येथील प्रथमोपचार पेटीत बारीक टोकाचा चिमटा, साबण, जंतुनाशक व चिकटपट्टी असणे आवश्यक आहे. गुरे व कुत्री यांच्यावरील गोचिडींचे नियंत्रण पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने करावे. गोठ्यातील भिंतींच्या फटी बुजवाव्यात. मृत माकड आढळल्यास त्यास स्पर्श न करता वनखात्यास किंवा आरोग्य केंद्रास कळवावे. वणवा लावून गोचिडी नष्ट करण्याची कल्पना सर्वस्वी चुकीची आहे. आगीने वनाची व मोहाच्या रोपांची हानी होते. गोचिडी मात्र गुरे व वन्य प्राण्यांच्या अंगावरून पुन्हा तेथे येतात.

गोचीडदंश झालेल्या बहुसंख्य माणसांस कोणताही रोग होत नाही, कारण प्रत्येक गोचिडीत जंतू नसतात. म्हणून दंशामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्या थोड्यांस ताप येतो, त्यांचे भवितव्य पुष्कळदा पहिल्या चार-पाच दिवसांत ठरते. गोचीड काढली त्या दिवसाची नोंद व ती वैद्यास सांगण्याची सवय यांस कोणताही खर्च लागत नाही. रुग्णालयापासून दूर असलेल्या वनप्रदेशात उपचार वेळेवर सुरू होण्याचे ते सर्वांत खात्रीचे साधन आहे.